जर्मन मातृपदक: पहिली खरेदी करताना काय तपासावं?

शोधयात्री: हिटलरच्या काळातली जर्मन मातृपदकं (मुटरक्रॉइत्स, जास्त मुलं असलेल्या आयांना दिलेली) जमवायला सुरुवात करायची आहे. ब्राँझचं एक पदक फितीसकट मिळतंय, पाकीट नाही. अस्सल कसं ओळखायचं? आणि पुण्याच्या पावसाळ्यात ठेवायचं कसं?

दहापटभिंग: आधी पाठ बघा. नेहमीच्या पदकावर ‘१६ डिसेंबर १९३८’ ही स्थापनेची तारीख जर्मनमध्ये आणि खाली हिटलरची सही कोरलेली असते. अगदी सुरुवातीच्या पदकांवर त्याऐवजी ‘मूल आईला थोरवी देतं’ अशा अर्थाचं वाक्य आहे. ती दुर्मीळ, त्यामुळे त्यांच्या नकलाही होतात. पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग मीना, म्हणजे पदकावरचा रंगीत थर. तो काचेचा, भट्टीत भाजलेला असतो. टोकाशी टवका उडाला असेल तर भिंगाखाली धरा: काच शिंपल्यासारखी खोलगट, धारदार फुटते, नकलेतला राळेचा रंग सालपटासारखा सुटतो. म्हणून टवका असलेलं पदक लगेच नाकारू नका, किंमत मात्र पाडून मागा. माप साधारण ३५ × ४२ मिमी. दोनेक सेंटीमीटरचं, बो लावलेलं असेल तर ते रोज मिरवायला घेतलेलं लघुपदक, गळ्यातलं नव्हे.

कागदपत्र: ४-५ मुलं असलेल्या आईला ब्राँझ, ६-७ असलेलीला चांदी, ८ पासून सोनं. हा फक्त मुलामा, तेव्हा ‘शुद्ध चांदीचं’ म्हणणाऱ्याला चांदीचा भाव देऊ नका. सनद मिळाली तर तिच्यावरची श्रेणी वाचा: ‘ड्रिटे श्टुफे’ ब्राँझ, ‘त्स्वाइटे’ चांदी, ‘एर्स्टे’ सोनं. सुटं पदक आणि दुसऱ्याच बाईची सनद जोडून ‘संच’ म्हणून सर्रास विकतात. सनदेवरची हिटलरची सही छापील असते, ‘हाताने केलेली’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

नोंदवहीत पदक देण्याचे निकषही लिहा. मुलं मोजण्याआधी वंश आणि ‘आनुवंशिक आरोग्य’ बघितलं जाई. ज्यू आणि रोमा (जिप्सी) आयांना हे पदक नव्हतंच. ते न लिहिता संग्रह मांडला तर तो अर्धवट, खोटाच म्हणायचा.

फीतवाला: फीत अरुंद, निळी, कडेने पांढरे पट्टे. अंधारात अतिनील टॉर्च मारा. पांढरा भाग निळसर झगमगला तर धागा बहुधा युद्धानंतरचा. पण आजच्या साबणात धुतलेली जुनी फीतही चमकते, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

पावसाळ्यासाठी: मऊ पीव्हीसी पाकीट नको, त्यातून निघणाऱ्या द्रव्याने धातूवर हिरवट चिकटा येतो. आम्लमुक्त कागदात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, मणी रंग बदलले की वाळवा. ब्रासो अजिबात लावू नका, मुलामा जातो. फीत वेगळी, सैल गुंडाळून ठेवा. घडीवर धागे तुटतात.

दहापटभिंग: ईबेवर स्वस्तिक असलेल्या नाझी वस्तू विकायला बंदी आहे. जर्मन लिलावांत चिन्ह झाकलेला फोटो असतो, त्यामुळे मधल्या चकतीचा आणि पाठीचा जवळून काढलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.