शब्दचर्चा: स्नायुक्षय, झीज की खंगणे?

प्रश्न: सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागत राहणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करतो आहे. या आजारात मांड्या-दंडांचे स्नायू बारीक आणि अशक्त होतात, त्याला ‘स्नायुक्षय’ लिहावे का? ‘सार्कोपेनिया’ हे वैद्यकीय नाव कुणाला कळणार?

उत्तर: ‘स्नायुक्षय’ कृपया टाळा. फुप्फुसाच्या रुग्णाला ‘क्षय’ म्हटले की टीबीच ऐकू येतो. घरात ताटवाटी वेगळी निघते. चरकसंहितेत ‘मांसक्षय’ आहे, नितंब, मान आणि पोट सुकते असे लक्षणही दिले आहे, पण तिथे क्षय म्हणजे घट. शिवाय आयुर्वेदात ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध, मसलला तिथे ‘पेशी’ म्हणतात.

‘स्नायूंची झीज’ लिहा. ‘प्रथिने शरीराची झीज भरून काढतात’ हे शाळेपासून कानात बसलेले आहे. दम लागतो म्हणून माणूस चालणे सोडतो, मांड्या आणखी गळतात, मग थोड्या चालण्यानेही जास्त दम लागतो. त्यात भर शरीरातल्या दाहाची (इन्फ्लमेशन) आणि वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची. पण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम आणि पुरेशी प्रथिने मिळाली, तर ताकद बरीच परत येते. ‘क्षय’मध्ये ही आशा उरत नाही.

प्रश्न: मग ‘खंगणे’ का नको? आमच्याकडे ‘पार खंगला’ असेच म्हणतात.

उत्तर: सुंदर शब्द आहे, पण तो कॅकेक्सियासाठी, म्हणजे आजाराने वजन आणि मांस दोन्ही उतरण्यासाठी, ठेवा. खंगलेल्याचे वजनही उतरलेले असते. सार्कोपेनिया हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली म्हातारपणात घटणाऱ्या मांसासाठी सुचवला (ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘पेनिया’ म्हणजे उणीव). त्यात वजन उतरेलच असे नाही. सीओपीडीत असे कितीतरी जण दिसतात: वजन तेवढेच, पोट सुटलेले, मांड्या मात्र गळालेल्या. त्यांना ‘खंगला’ कुणी म्हणत नाही, म्हणून तपासणीही होत नाही. मला हेच जास्त टोचते.

आणखी एक: पत्रकात शब्दाखाली खूणही द्या. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर डॉक्टरांना सांगा. चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या गावाकडच्या बायकांना ‘जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का?’ असे विचारा, त्या लगेच उत्तर देतात.