खुराड्याला कडी असूनही कोंबड्या जातात, त्याविषयी

रात्री कडी घालूनही कोंबड्या कशा जातात, या प्रश्नावर आमच्या यावलकडचा अनुभव सांगतो. आमचे खुराडे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाचे, शेणमातीने लिंपलेले आणि पुढून षटकोनी जाळीचे होते. एका सकाळी कोपऱ्यातले लिंपण गळालेले, खाली ओंजळभर माती उकरलेली आणि आत दोन फुटकी अंडी दिसली. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, एवढेच. कुत्रा ती फाडतो आणि रानमांजर तिच्यातून पंजा घालते.

त्यानंतर मी अर्धा इंची छिद्रांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली कडक जाळी, बसवली आणि तीच जाळी कुडाच्या पायथ्यापासून बाहेर दीड फूट जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर दगडमाती टाकली. उकरणारा प्राणी सहसा अगदी भिंतीलगतच उकरतो, आणि तेथे जाळी लागली की मागे सरकून नव्याने सुरुवात करण्याचे त्याला बहुधा सुचत नाही. मुंगूस मात्र दिवसा हिंडते, त्यामुळे केळीच्या बागेलगत राहणाऱ्यांनी नुसत्या रात्रीच्या कडीवर विसंबू नये. कोणी विष घालण्याचे सुचवले असेल, तर तसे करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित आहे, शिवाय ते विष आपलीच कोंबडी आधी टिपते.