‘बीइंग’ कधी, ‘बीन’ कधी? पॅसिव्हचा तक्ता पाठ, तरी गोंधळ

प्रश्न (कोथरूड, पुणे): मुलगी दहावीला, मराठी माध्यमात आहे. व्हॉइसचा तक्ता तोंडपाठ, पण वाक्य समोर आलं की ‘बीइंग’ आणि ‘बीन’ची अदलाबदल करते. तक्त्याशिवाय कसं समजवायचं?

उत्तर १: मूळ वाक्यात मुख्य क्रियापदाचं जे रूप असेल तेच ‘बी’ला द्यायचं आणि मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप करायचं. ‘वर्कर्स आर डिगिंग द रोड’ घ्या. ‘डिग’ला आयएनजी आहे, म्हणून ‘बी’चं ‘बीइंग’: ‘द रोड इज बीइंग डग बाय वर्कर्स’. ‘आर’चं ‘इज’ झालं, कारण पुढे आलेला ‘रोड’ एकवचनी. हे हमखास विसरलं जातं. ‘वर्कर्स हॅव डग द रोड’मध्ये तिसरं रूप आहे, म्हणून ‘बी’चंही तिसरं: ‘हॅज बीन डग’. ‘विल डिग’मध्ये मूळ रूप, म्हणून ‘विल बी डग’. साध्या भूतकाळात ‘वॉज’ किंवा ‘वेअर’.

उत्तर २: नियम चोख आहे. पण ‘डिग’चं दुसरं आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे ‘वॉज रोट’सारखी चूक त्यात झाकली जाते. सरावाला ‘राइट’, ‘टेक’, ‘ब्रेक’ द्या.

मराठी माध्यमाच्या मुलांना आपला कर्मणी प्रयोगही चकवतो. ‘मुलीने पत्र लिहिलं’ हा कर्मणी, पण इंग्रजीत ‘द गर्ल रोट अ लेटर’ म्हणजे सरळ ॲक्टिव्ह. ‘ने’ दिसला की ‘बाय’ लावायचा, ही सवय मोडायला हवी. पॅसिव्हच्या जवळचं मराठी सूचनाफलकांवर सापडतं: ‘रस्ता बंद करण्यात आला आहे’, म्हणजे ‘द रोड हॅज बीन क्लोज्ड’. गणपतीत लक्ष्मी रस्त्याच्या आसपास असे फलक दिसतील. तिला तेच इंग्रजीत करायला सांगा.

उत्तर ३: ‘बाय’चा हट्ट नको. ‘शनिवारवाडा वॉज बिल्ट इन १७३२’ एवढं पुरतं. कर्ता ‘समबडी’ किंवा ‘पीपल’ असेल तर खुशाल गाळा. आणि ज्याला कर्मच नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही: ‘गो’, ‘स्लीप’, ‘हॅपन’. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे चूकच.

प्रश्नकर्ती: आभार! ‘डिड दे क्लोज द रोड?’ असं आलं तर?

उत्तर १: ‘डिड’ काढा. त्यातला भूतकाळ ‘बी’कडे जातो आणि प्रश्न असल्यामुळे ‘वॉज’ आधी येतो: ‘वॉज द रोड क्लोज्ड?’ ‘डिड द रोड क्लोज्ड’ लिहिलं की मार्क गेले.