मदत हवी आहे: आईचे गुडघे, बाबांचा हट्ट आणि यॉर्कशायरमधली नॅरोबोट

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे रीडिंगला येतायत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, निम्मी नोकरी नीरेच्या कालव्यावर गेली. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत यॉर्कशायरमधल्या बिंगलीचे पाच पायऱ्यांचे लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले खण) पाहिले, आणि तेव्हापासून फोनवर एकच धोशा. "आपलं पाणी जन्मभर उताराने गेलं. यांचा कालवा बोटी घेऊन डोंगर चढतो. मला तो बघायचाय."

म्हणून लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर स्किप्टनहून नॅरोबोट (राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घ्यावी म्हणतोय. चौघं जण, चार रात्री. भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही, निघण्याआधी शिकवतात, इथवर कळलं. पण मी आजवर पॅडलबोटीपलीकडे काही चालवलेलं नाही, आईचे गुडघे कुरकुरतात आणि बायकोला फोलरिजचा दीड किलोमीटरचा बोगदाही करायचाय. झेपेल का? (आईचा पहिला प्रश्न अर्थातच संडासाचा आहे.)

प्रतिसाद: मीठभाकर
झेपेल, पण बोगदा सोडा. त्या बाजूला गारग्रेव्हपासून लॉकमागून लॉक आहेत. उलट गारग्रेव्ह ते बिंगली या १७ मैलांत एकही लॉक नाही. स्किप्टन मधेच पडतं. बिंगलीला पाच पायऱ्यांच्या वरच्या अंगाला बोट बांधा आणि चालत खाली उतरा. १७७४ पासूनचे लॉक आहेत, सुमारे १८ मीटर चढ. एका खणाचं वरचं दार तेच पुढच्या खणाचं खालचं दार. बाबांना तिथे कठड्याशी तासभर उभं करा, स्वतः बोट नेण्यापेक्षा जास्त कळेल. तिथून सॉल्टेअर ट्रेनने पुढचंच स्टेशन, तिथली जुनी गिरणी आणि कामगारवस्ती बघण्यासारखी आहे.

लॉक नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, स्विंग ब्रिज (बोटीला वाट द्यायला बाजूला फिरणारे पूल) पुष्कळ आहेत. एकाने काठावर उतरून पूल ढकलायचा, दुसऱ्याने बोट काढायची. मी पहिला पूल उघडला तेव्हा नवऱ्याने टिलर (सुकाणूचा दांडा) उलटा दाबला. बोट उजवीकडे न्यायची तर टिलर डावीकडे, हे त्याच्या डोक्यात शिरेना. बोट आडवी, मी पुलापाशी, मागे ट्रॅक्टरवाला शांतपणे सँडविच खात बसलेला. ही कामं तुम्ही दोघांनीच करा.

आईंसाठी: बोटीत उतरायला तीन-चार उभ्या पायऱ्या असतात, दिवसातून पाच-सहा वेळा तरी चढ-उतर होते. एक कमी उंचीचं स्टूल बरोबर घ्या. बोट जेमतेम दोन मीटर रुंद, त्यामुळे आत दोन्हीकडे आधाराला हात पोचतो. संडास फ्लशचा असतो, टाकी पुरते का एवढं बुकिंगच्या वेळी विचारा. वेगमर्यादा ताशी ४ मैल, बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू.

मूळ लेखक
मनापासून आभार! बोगदा रद्द, बायकोला स्किप्टनचा किल्ला कबूल केलाय. आईने स्टूल बॅगेत भरलंसुद्धा. बाबा विचारतायत, दारं लाकडी की लोखंडी, आणि गळती किती?

प्रतिसाद: मीठभाकर
ओकची लाकडी. गळतात. छत्री न्या.