हैतीचा रूममेट शिकून परत जायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

मॉन्ट्रियलचा_कराडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न माझा नाहीये, रूममेटचा आहे, पण तो रोज रात्री मलाच विचारतो आणि माझं डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतोय.

आम्ही दोघं इथे सिव्हिलचं मास्टर्स करतोय. तो हैतीचा, ले काय शहराजवळच्या गावातला, म्हणजे नकाशात पश्चिमेला जी लांब शेपटी दिसते ना तिच्या खालच्या बाजूचा. 2010 चा मोठा भूकंप राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सकडे झाला तेव्हा हा शाळेत होता आणि यांच्याकडे फारसं काही झालं नाही, पण 14 ऑगस्ट 2021 ला 7.2 चा जो झाला तो यांच्याच भागात, दोन हजारांवर माणसं गेली, मावशीचं घर बसलं, मावशी अंगणात कपडे वाळत घालत होती म्हणून वाचली. तेव्हापासून याचं एकच, स्ट्रक्चरल शिकायचं आणि परत जाऊन घरं नीट बांधायची.

आता शेवटचं सेमिस्टर आलं आणि आईच फोनवर म्हणते, येऊ नकोस. राजधानीतून दक्षिणेला जाणारा रस्ता 2021 पासून टोळ्यांच्या ताब्यात आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये विमानांवर गोळ्या झाडल्या तेव्हापासून अमेरिकेची विमानं राजधानीत उतरायची थांबली, मग लोक उत्तरेला कॅप-हैतियनला उतरून पुढे छोट्या विमानानं जातात. शिवाय हा वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करून दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, त्यावर आई, दोन बहिणी आणि आता मावशी पण. म्हणजे गेला तर तो पैसा बंद, आणि नाही गेला तर म्हणतो मी पण जास्पोरा झालो. (बाहेर गेलेल्या माणसाला त्यांच्याकडे हा शब्द आहे, कौतुकानं पण म्हणतात आणि टोमणा म्हणून पण, आपल्या एनआरआयसारखं.)

मी कराडला परत जायचं का यावर बोलतो तेव्हा विषय पॅकेजचा असतो, हा बोलतो तेव्हा विषय रस्त्यात गोळी लागेल का हा असतो, त्यामुळे सल्ला द्यायची पण लाज वाटते. 1 जानेवारीला त्यांचा स्वातंत्र्यदिन (1804), त्या दिवशी घरोघरी भोपळ्याचं सूप करतात, कारण गुलामीत ते हेच रांधायचे आणि प्यायचे फक्त मालक. यानं माझ्यासाठी बीफ न घालता वेगळं पातेलं चढवलं आणि ढवळता ढवळता रडला. कांदा चिरून कधीच झाला होता. काय सांगू याला?

---

बॉस्टनची_ताई

मी नर्स आहे, माझ्या वॉर्डात अर्ध्या सहकारी हैतीच्या. त्याला आधी हे सांग की पैसे पाठवणं म्हणजे 'काहीच न करणं' नव्हे. त्यांच्या देशाच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा असाच बाहेरून येतो, आणि तो कुठल्या सरकारच्या किंवा साहेबाच्या हातातून न जाता थेट चुलीपर्यंत जातो. माझ्यासोबतची एक जण डबल ड्यूटी करून सकाळी साडेसातला पार्किंगमध्येच फोन काढते आणि भाच्याची शाळेची फी पाठवते, मग गाडी चालू करते. आईचं ऐक म्हणावं, आया उगाच नको म्हणत नाहीत. आधी वर्क परमिट, अनुभव, कागदपत्रं पक्की. मेलेला इंजिनिअर कुणाच्या कामाचा?

---

खवचट_पुणेकर

ताईंशी अर्धा सहमत. शिकलेल्या हैतीयन लोकांपैकी दहातले आठ देशाबाहेर आहेत असं वर्षानुवर्षं सांगतात, आता प्रत्येकानं "आधी कागदपत्रं" म्हटलं तर तिथे उरणार कोण? पण तो परत जाऊन एखाद्या परदेशी संस्थेच्या पांढऱ्या जीपमध्ये बसणार असेल तर मॉन्ट्रियलच बरं. त्या देशावर 'मदत' हा शब्द फार महाग पडलाय. 1825 मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले, कशाचे, तर गेलेल्या मळ्यांचे आणि गुलामांचे! पुढे आकडा 9 कोटींवर आला पण त्यासाठी काढलेल्या कर्जांची फेड 1947 पर्यंत चालली. 1995 मध्ये तांदळावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवरून 3 वर आणायला लावलं, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि तिथला भातवाला शेतकरी बसला, यावर क्लिंटननं 2010 मध्ये जाहीर माफी मागितली, शेतकऱ्याला तिचा काय उपयोग ते विचारू नका. आणि त्याच वर्षी यूएनच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेलं, कॉलरा पसरला, हजारो माणसं गेली, जबाबदारी थोडीफार मान्य केली 2016 ला.

याउलट 2023 मध्ये सीमेवरच्या वानामेंतला लोकांनी स्वतः फावडी घेऊन नदीवरून कालवा काढला. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकनं चिडून सीमा बंद केली तरी काम थांबलं नाही, बाहेरच्यांनी पैसे पाठवले, बाया रांधून आणायच्या. त्याला विचार, तो नक्की सांगेल, "केपीके" म्हणायचे लोक, कालवा थांबणार नाही.

---

मॉन्ट्रियलचा_कराडकर

केपीके वाचून दाखवलं तर खुर्चीतून उठला राव! म्हणे त्यांच्याकडे याला कोंबित म्हणतात, एकाच्या शेतात सगळ्या गावानं जायचं, ढोल वाजवत काम करायचं, जेवण शेतमालकाचं. मी म्हटलं अरे ही तर आमची इर्जिक.

---

उमरगेकर

भाऊ, मी किल्लारी भूकंपातला. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री गणपती बुडवून झोपलेलो, पहाटे चारच्या आसपास सगळं खाली. मी नऊ वर्षांचा. आमच्याकडे मारलं ते माळवदानं, दगडमातीच्या दोन दोन फुटी भिंती आणि डोक्यावर टनावारी माती. त्यांच्याकडे उलटं झालंय बघ. वादळात पत्रा उडतो म्हणून लोक स्लॅब टाकतात, पण खालचे ब्लॉक कच्चे, वाळू चुकीची, माल पातळ, कॉलम काडीसारखे. पोर्ट-ओ-प्रिन्समधली जुनी लाकडी नक्षीची घरं 2010 ला बऱ्यापैकी उभी राहिली आणि नवं काँक्रीट बसलं, हे त्याला माहिती असेलच.

आता अनुभवाचं सांगतो. मी 15 वर्षं साईटवर आहे. घर इंजिनिअर बांधत नाही, गवंडी बांधतो. आमच्याकडे भूकंपानंतर मोठे मोठे साहेब आले, नकाशे आले, नवीन गावं वसली, रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे, आणि माझी आजी मरेपर्यंत म्हणायची शेजारणीला हाक ऐकू जात नाही. पण ज्या गवंड्यांना तेव्हा नीट शिकवलं त्यांच्या हाताला ते कायमचं लागलं, त्यांच्या पोरांना पण येतं. कोपऱ्याला सळई कशी वळवायची हे ते आजही विसरत नाहीत, प्लॅन पास असो नसो.

म्हणून त्यानं देश वाचवायचं सोडावं आणि गावातले दहा गवंडी धरावेत. त्याला जायची पण गरज नाही, फोन आहे ना. कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांची टोकं, म्हणजे हूक, 90 अंशाला सोडतात ते 135 ला आत वळवायचे. समुद्राची वाळू नको, सळई खाते. आधी भिंत बांधायची, कडेला एकाआड एक ब्लॉक पुढे ठेवून दाते सोडायचे, मग त्यात कॉलम ओतायचा. ब्लॉक छातीच्या उंचीवरून खाली टाकून बघायचा, फुटला तर गाडी परत. एवढं जरी झालं तरी पुढच्या वेळी मावशीला अंगणात असायची गरज नाही.

आणि हो, पुस्तकी भाषेत नको. साहेबांचं इंग्रजी-मराठी ऐकून आमचे गवंडी नुसती मान हलवायचे.

---

खवचट_पुणेकर

उमरगेकरांना साष्टांग. भाषेचं तर तिथे फारच खरं, घराघरात क्रेयॉल आणि शाळा-कॉलेज बहुतेक फ्रेंचमध्ये. एमआयटीतले मिशेल डीग्राफ, तेही हैतीचेच, गणित-विज्ञान क्रेयॉलमधून शिकवण्यावर कितीतरी वर्षं काम करतायत. त्यांचं साहित्य बघायला सांग.

---

मॉन्ट्रियलचा_कराडकर

उशीर झाला उत्तराला, परीक्षा होती. उमरगेकर दादा, तुमची कमेंट मी त्याला वाक्य वाक्य करून सांगितली, माळवद समजावताना चित्र काढावं लागलं. जायचं का नाही ते अजून ठरलं नाहीये, वर्क परमिटला अर्ज करतोय, ताई तुमचं ऐकलं. पण रविवारी यानं मावशीचं घर बांधणाऱ्या गवंड्याला व्हॉट्सॲपवर क्रेयॉलमध्ये व्हॉइस नोट पाठवली, चार मिनिटांची, फक्त रिंगांच्या हूकवर. त्यांच्याकडे गवंड्याला 'बॉस' म्हणतात, ऐकून मला हसू आलं, हा इंजिनिअर त्याला दर वाक्याला बॉस बॉस करत होता.

बॉसचं उत्तर अर्ध्या तासात. म्हणे हे मला 2021 नंतर एकानं सांगितलंय, माहिती आहे, पण हूक लांब ठेवायचा तर जास्तीची सळई लागते, तिचे पैसे कोण देणार, घरमालक तर देत नाही.

इथे आम्ही दोघं गप्प. दोन वर्षं मास्टर्स केलं पण हा प्रश्न कुठल्या पेपरात नव्हता. मग हिशोब मांडला. तीन मीटरचा कॉलम, 15 सेंटिमीटरला एक म्हणजे 20 रिंगा, एका रिंगेला साधारण 10 सेंटिमीटर जादा, एका कॉलमला 2 मीटर, चार कॉलमच्या खोलीला 8 मीटर. 6 एमएमची सळई धरली तर दोन किलोपण भरत नाही! यानं मला तीन वेळा परत करायला लावलं.

मावशीच्या घराची सळई याच महिन्याच्या पैशातून जाणार आहे. हिशोबाचा फोटो काढून बॉसला पाठवलाय रात्री, अजून एकच टिक आहे, तिकडे लाईट गेली असेल.