डोळ्यातलं सिलिकॉन ऑइल आणि कंपनीतलं बॅरल, माल एकच का?

बी_शिफ्टवाला, खेड
लोट्याच्या एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर आहे. बाबांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता, गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. कार्डावर लिहिलंय: सिलिकॉन ऑइल 1000 सीएस (सेंटिस्टोक, तेलाच्या घट्टपणाचं माप). बाबा पडवीत पालथे पडलेत आणि येईल त्याला सांगतात, "आता खरंच डोळ्यांत तेल घालून कलमं राखतोय." पण आमच्याकडे फेस मारायला सिलिकॉनचं बॅरल येतं. तेच का हे? आणि पालथंच का?

रिटायर्ड_केमिस्ट, चिपळूण
साखळी तीच, पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन. माल तो नव्हे. फेस मारायच्या मालात सिलिकाची पूड घोटलेली असते, तो डोळ्याच्या जवळपासही नको.

बनवताना डी-फोर म्हणजे चार सिलिकॉन अणूंची कडी घेतात, कॅटॅलिस्टने फोडून लांब साखळी करतात. टोकाला टोपी बसवायला हेक्सामिथिलडायसिलॉक्सेन. टोपी कमी टाकाल तितकी साखळी लांब, तेल घट्ट. इथवर तुम्हीही कराल हो. खरी मेहनत पुढे आहे. रिअ‍ॅक्शन समतोलाला येऊन थांबते आणि दहा-पंधरा टक्के कड्या तशाच उरतात. ही बारीक पिलावळ डोळ्यात गेली तर तेल फुटून बारीक थेंब होतात, ताकावर लोणी येतं तसे, आणि डोळ्याला त्रास होतो तो वेगळाच. म्हणून कॅटॅलिस्टचा अंशही काढायचा, मग व्हॅक्यूमखाली तापवून, पातळ थर पसरवून कड्या उडवायच्या. आमच्या वेळी व्हॅक्यूम पंप पावसाळ्यात हमखास रुसायचा, त्यामुळे या कामाबद्दल मला आदर आहे.

चष्मेवाली, रत्नागिरी
पालथं कारण तेलाची घनता 0.97, पाण्यावर तरंगतं. पडदा डोळ्याच्या मागे असतो. तोंड खाली केलं की मागची बाजू वर येते आणि तेल तिथे टेकू देतं. पडद्याला भोक कुठे आहे त्यावर झोपायची बाजू बदलते, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तेच करा. 1962 मध्ये डोळ्यांचे डॉक्टर पॉल सिबिस यांनी हे तेल माणसाच्या डोळ्यात वापरल्याचं मांडलं, तेव्हापासून चालू आहे. बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांनी काढतात. तोवर नवा चष्मा करू नका, तेलामुळे नंबर बदललेला असतो. डोळा ठणकला, लाल झाला तर मात्र थांबू नका, प्रेशर वाढलेलं असू शकतं.

बी_शिफ्टवाला, खेड
काका, ताई, आभार. बाबांना वाचून दाखवलं. उशीतूनच विचारतात, "काढलेलं तेल परत देतील काय? कोयतीला लावीन."