कळसूबाई ट्रेक: पोंचो घ्यायचा की रेनकोट? (सोसायटीच्या ग्रुपवरून; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-३०४: रविवारी कळसूबाईला येणाऱ्यांनो, पोरांना पोंचो (डोक्यातून घालायचा सैल, सलग रेनकोट) घेऊ का? कोपऱ्यावर अडीचशेला मिळतायत.

ए-१०२: वहिनी, थांबा. बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या लागतात. वारा सुटला की पोंचो फुगून तोंडावर येतो, पुढची पायरीच दिसत नाही. शिवाय खालचा घोळ पायात. जॅकेट-पँट वेगळं असलेलंच घ्या.

सी-२०१: मग छत्री?

ए-१०२: गाडीत राहू दे. शिडीवर दोन्ही हात लागतात.

सी-५०३: मी साडेतीन हजारांचं जॅकेट आणलंय. ५००० मिमीवालं! आता बोला काका 😎

ए-१०२: छान आहे की. म्हणजे ५ मीटर उंच पाण्याचा दाब कापड झेलतं. पण शिवणीला आतून टेप आहे का बघ, नाहीतर पाणी खांद्यातूनच शिरतं. आणि चढताना घामाने आतून भिजशीलच.

बी-३०४: भिजायचंच तर घालायचं कशाला?

ए-१०२: वाऱ्यासाठी हो! माथा १६४६ मीटरवर, राज्यात सगळ्यात उंच. ओल्या अंगाला तिथला वारा लागला की दात वाजायला लागतात. चढताना चेन उघडी ठेवायची, थांबलं की वरपर्यंत लावायची.

डी-१०४ (आजी): आमच्याकडे भातलावणीला इरलं असायचं. पाठीवर टाकलं की खालून मोकळं. घाम नाही, हातही मोकळे.

ए-१०२: आजी, जॅकेटला काखेत चेन देतात ती त्याचसाठी. हवा खेळावी म्हणून.

सी-५०३: आजी, इरलं किती मिमीचं होतं? 😂

डी-१०४ (आजी): पळसाच्या पानांचं होतं रे बाळा. दिवसभर वाकून बघ, मग मिमी मोज.

सी-२०१: 😂😂 जीन्स चालेल ना?

ए-१०२: अजिबात नको. भिजली की जड होते, वाळत नाही, मांड्या सोलवटतात. आणि सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी जातंच. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी (नवी!) घाला, कोरडे कपडे त्यात. मागच्या वर्षी मी 'कोरडा' टी-शर्ट पिळून घातला होता.

बी-३०४: काका, खरं सांगू? दोन पोंचो सकाळीच घेतलेत. दुकानदार परत घेत नाहीये. कोणाला हवेत का?

सी-२०१: एक मला द्या वहिनी, स्कूटरवर घालायला.